लातूरच्या दवाखान्यात निवडलेलं वॉलेट

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. ती मेल आली तेव्हा प्रात्यक्षिक चालू होतं. मुली ब्युरेटमधून पडणाऱ्या थेंबांकडे डोळे लावून उभ्या होत्या. मी मेल वाचली आणि फोन पर्समध्ये टाकून दिला. मी आणि माझ्या धाकट्या भावानं ज्या एक्सचेंजवर थोडं बिटकॉइन घेऊन ठेवलं होतं, ते एक्सचेंज गाशा गुंडाळत होतं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपापलं बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून न्यावं, नंतर आमची जबाबदारी नाही, एवढाच मजकूर होता.

हे बिटकॉइन म्हणजे आमच्या लॉकडाऊनची आठवण. मी नांदेडला अडकलेले, भाऊ लातूरला. त्याचं औषधाचं दुकान, त्यामुळे तो दिवसभर बाहेर आणि घरी आला की वेगळ्या खोलीत. आम्ही फोनवर किती बोलणार? मग त्यानं हे खूळ काढलं. खातं माझ्या नावावर, पैसे दोघांचे. रोज सकाळी भाव बघायचा आणि एकमेकांना चिडवायचं. पुढे सगळं सुरळीत झालं, मी कॉलेजात आणि तो दुकानात बुडून गेला. त्यानं मधल्या काळात त्याच एक्सचेंजवर स्वतःच्या नावावर वेगळं खातंही काढलं होतं. मला ते माहीत होतं. त्याच्या बायकोला माहीत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

मेल आली त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ठरलं. आई भावाकडे लातूरला असते. मी म्हणत होते, नांदेडला आण, माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. भाऊ म्हणाला, "अक्का, लातूरला काय डोळ्याचे डॉक्टर न्हाईत का? तू कायम आमच्यावर इतबारच ठेवत न्हाईस." बोलणं वाढलं, मग थांबलं, आणि ऑपरेशन लातूरलाच ठरलं. वार निघाला तोच, शेवटचा गुरुवार.

मी पहाटेच्या एसटीनं निघाले. खिडकीजवळची जागा मिळाली. लोहा मागे पडलं तसा मी फोन काढला आणि वॉलेट शोधायला लागले. शहाण्या माणसानं हे काम आधीच केलं असतं. माझी कल्पना अशी होती की दुकानात जाऊन पाकीट घेण्याइतकंच ते सोपं असेल.

ॲप स्टोअरमध्ये 'बिटकॉइन वॉलेट' असं टाकल्याबरोबर वॉलेटचा नुसता पूर आला. निळी चिन्हं, जांभळी चिन्हं, कोल्ह्याची, ढालीची, तिजोरीची. प्रत्येकाला चार-साडेचार तारे. प्रत्येकजण म्हणतोय, सगळ्यात सुरक्षित आम्हीच. काहींत बिटकॉइनची चावी, म्हणजे ते खर्चायचा गुप्त आकडा, कंपनीकडे राहते, आपण फक्त पासवर्ड ठेवायचा. विसरलो तर कंपनी मदत करते. पण उद्या कंपनीच बुडाली तर? त्याच भीतीनं तर आम्ही बाहेर पडत होतो. दुसऱ्या प्रकारात चावी आपल्याच फोनमध्ये, आणि तिची नक्कल म्हणून बारा इंग्रजी शब्द मिळतात. फोन हरवला तर त्या बारा शब्दांवर सगळं परत मिळवायचं. शब्दच हरवले तर कुणाकडे दाद मागायची सोय नाही. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर ते बिटकॉइन त्याचं.

वाचता वाचता मी एका साध्याशा वॉलेटवर बोट ठेवलं, पण उतरवून घ्यायचा धीर होईना. आमच्या घरात सोनंसुद्धा बँकेच्या लॉकरमध्ये असतं. कुणीतरी जबाबदार माणूस, एखादी खिडकी, एखादा शिक्का, याची मला सवय. इथं आपणच बँक आणि आपणच खातेदार.

अहमदपूरच्या अलीकडे भावाचा फोन आला.

"अक्का, तू काय करायलीस? ते वॉलेटचं डोकं लावत बसू नको. माझ्याकडं हाय एक. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी घेतलंय. माझं मी सकाळीच टाकलं त्यात."

"कुठला ग्रुप?"

"गुंतवणूकवाला हाय गं एक. लई मोठी माणसं हायेत त्यात. आणि हे वॉलेट नुसतं ठेवत न्हाई, रोज व्याज देतंय."

बिटकॉइन नुसतं ठेवल्यावर रोज व्याज कोण देणार, आणि कशातून, हे मी विचारणार तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा लावला तर लागेना. अहमदपूर येईपर्यंत मी फोन नुसता हातात धरून बसले. माझ्यापाशी ज्ञान काहीच नव्हतं. पण प्रयोगशाळेत बिनलेबलची बाटली मी कुणाला उघडू देत नाही, आणि हे मला तसंच वाटत होतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा आई हिरवा गाऊन घालून बाकावर बसली होती. डोळ्यात थेंब घातलेले, त्यामुळे समोरचं धुरकट. मी हात धरल्यावर म्हणाली, "आलीस? जेवलीस का?" शेजारी भावजय थेंबांची बाटली घेऊन. भाऊ भिंतीला टेकून फोनमध्ये. आईचा रक्तदाब थोडा वाढलेला होता. सिस्टर म्हणाल्या, "घाबरल्यात आजी. पुन्हा बघू. कमी झाला तरच आत घेतील."

मी भावाजवळ गेले. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. फार देखणं ॲप होतं. काळ्या पडद्यावर सोनेरी आकडे, खाली हिरव्या अक्षरात सकाळपासून वाढलेलं व्याज.

"आता तुझ्या खात्यातलं पण यातच टाक. संध्याकाळी बंद होणार हाय ते."

"टाकते," मी म्हणाले. "पण आधी यातून थोडंसं बाहेर पाठवून दाखव. आत जातंय तसं बाहेर येतंय का, एवढंच बघायचं."

"अगं, काय हे! बरं, कुठं पाठवू?"

मी म्हटलं, परत एक्सचेंजवरच पाठव, तुझ्याच खात्यात. त्यानं आकडा टाकला, बटण दाबलं. पडदा गोल गोल फिरला आणि लाल पट्टी आली. खातं पडताळलेलं नाही, मदतीसाठी संपर्क करा. भावानं लगेच तिथं संदेश टाकला. इतक्या लवकर उत्तर आलं की मला आणखीच भीती वाटली. आमच्या कुठल्याच कार्यालयात इतक्या लवकर कुणी उत्तर देत नाही.

उत्तर इंग्रजीत, फार अदबीचं. प्रिय सर, आपलं खातं प्राथमिक स्तरावर आहे. आपण आता आहे तेवढंच बिटकॉइन आणखी भरलंत की स्तर वाढेल आणि दोन्ही रकमा एकदम काढता येतील. ही सवलत थोड्याच वेळासाठी आहे.

भावानं ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलत गेलेला मी बघत होते. त्याला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"अक्का, आपलं दोघांचं टाकू ना. तेवढंच भरतंय बघ. म्हणजे माझं पण सुटंल."

"नाही."

"अगं, माझं अडकून पडलंय!"

"तुझं गेलंय," मी म्हणाले. हे इतक्या सरळ म्हणायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"गेलं कसं? हे काय, दिसायलंय ना हितं! आकडा दिसायलाय! तुला माझं काहीच पटत न्हाई. दवाखाना पटला न्हाई, डॉक्टर पटला न्हाई, आता हे. त्यात अर्धं माझंय, माझं तरी दे!"

त्याचा आवाज चढला होता. आजूबाजूचे लोक बघायला लागले. भावजय थेंबांची बाटली हातात घेऊन उठली आणि आमच्यापाशी आली.

"काय गेलं? कशाचं बोलायलाव तुम्ही?"

भाऊ फोनचा पडदा झाकायला लागला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"अहो, मी विचारायले. काय गेलं?"

"काही न्हाई. तू आईपाशी बस."

तिनं त्याच्या हातातला फोन घेतला. तिला त्या ॲपमधलं फारसं समजलं नसेल, पण सोनेरी आकडा समजला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "एवढं होतं तुमच्याजवळ? आणि मी दुकानाच्या फ्रिजसाठी माहेरी शब्द टाकायलते."

फोन तिच्याच हातात वाजला. अनोळखी क्रमांक. तिनं काही न विचारता स्पीकर चालू केला. हिंदीत, मधाळ आवाजाचा माणूस, सर सर करत. आपकी दीदी का ट्रान्सफर अभी करवा दीजिए, सर, विंडो बंद हो रही है. ही दीदी म्हणजे मी. भावानं बहुधा सकाळी ग्रुपमध्ये लिहिलं असावं की बहिणीचंही येणार आहे. भावजय शांतपणे म्हणाली, "आप कहाँ बैठते हैं? पता बताइए, हम आते हैं." पलीकडून फोन बंद झाला.

भाऊ खाली बसला. बाकावर नाही, जमिनीवरच, भिंतीला पाठ लावून.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "भांडायचं असेल तर बाहेर जा. तुमच्यामुळं आजींचा बी.पी. अजून वर गेलाय. असाच राहिला तर आज ऑपरेशन होणार नाही."

आम्ही तिघंही आईकडे वळलो. तिला नीट दिसत नव्हतं, पण ऐकू तर सगळं येत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "कुणाचं काय गेलं रे?" तिनं विचारलं. भाऊ उठून तिच्यापाशी गेला. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काही न्हाई आई. फोनचं काहीतरी. तू डोळे मीट."

मी जिन्यात येऊन बसले. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, पण फार नाही. एक गोष्ट मात्र अवघड होऊन बसली होती. भावाला नाही म्हणणं सोपं होतं. पण आता मी जे निवडणार, ते खरं कशावरून? त्याच्याही ॲपला साडेचार तारे होते. त्याचंही चिन्ह सुबक होतं. त्याच्याही खाली लोकांनी लिहिलं होतं की फार छान. मी एसटीत बसून ज्यावर बोट ठेवलं होतं, ते एक साधंसं, जुनाट दिसणारं वॉलेट. व्याज नाही, बक्षीस नाही, मदतीसाठी चोवीस तास कुणी नाही. बरीच वर्षं चालू असलेलं, आणि ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो असं. मला तो कोड कळत नाही. पण ज्यांना कळतो त्यांनी त्यात खोट काढायचा इतकी वर्षं प्रयत्न केला आणि ते टिकलं, एवढ्याच आधारावर मला उभं राहायचं होतं.

स्टोअरमध्ये शोधलं तर त्या नावाची दोन निघाली. पहिलं जाहिरातीचं, चिन्ह जवळजवळ तेच, बनवणाऱ्याचं नाव भलतंच. माझं बोट त्याच्यावर जाऊन थांबलं होतं. मी फोन पालथा घातला.

भावजय जिना उतरून आली. डोळे लाल होते, पण आवाज घट्ट होता. "अक्का, तुमचं तरी काढा. अंधार पडायच्या आत काढा."

"मला भीती वाटायली गं," मी म्हणाले. "हेपण तसलंच निघालं तर?"

ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. "मग दोघी मिळून बघू. एकानं बघितलं की नजर चुकती."

आम्ही दोघींनी मिळून ते केलं. त्या वॉलेटची मूळ वेबसाइट आधी शोधली. तिचं नाव तीन वेगळ्या ठिकाणांहून जुळवून बघितलं, आणि तिथल्या दुव्यावरूनच स्टोअरमध्ये गेलो. बनवणाऱ्याचं नाव तिनं अक्षर अक्षर वाचलं, मी जुळवलं. उतरवून घेतलं. उघडल्यावर त्यानं बारा शब्द दिले. फोटो काढू नका, अशी सूचना होती. भावजयीनं पर्समधून कागद काढला. मी एकेक शब्द तिच्या कानात सांगायचे, ती लिहायची. जिन्यातून कुणी वर आलं की आम्ही दोघी गप्प व्हायचो. एक आजोबा काठी टेकत वर गेले, तेही आम्हाला संशयित वाटले. लिहून झाल्यावर ॲपनं तेच शब्द उलटसुलट विचारले. मी चुकले. पुन्हा विचारले. पुन्हा चुकले, कारण शेजारचाच शब्द दाबला जात होता. मग तिनं फोन घेतला आणि ते पूर्ण केलं.

आधी अगदी थोडंसं पाठवायचं ठरलं. एक्सचेंजला वॉलेटचा लांबलचक पत्ता द्यायचा होता. तो तिनं मोठ्यानं वाचला, पत्ता ऐकून कुणी चोरू शकत नाही हे मी तोवर वाचलं होतं. बटण दाबलं. ओटीपी येईना. जिन्यात दवाखान्याचं वायफाय मिळत होतं, पण जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंज नव्हती. मी खाली धावत गेले, फाटकाबाहेर, चहाच्या गाड्यापाशी. ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागितला. या वेळी बसला.

मग वाट बघणं. वॉलेटमध्ये काहीच नाही. एक्सचेंज म्हणतंय पाठवलं. मधल्या मधे ते कुठंतरी होतं आणि ते कुठं आहे हे विचारायला जगात कुणीही माणूस नव्हता. मी फाटकाशी उभी राहून तो रिकामा पडदा बघत होते. वरून भावजयीचा फोन आला.

"अक्का, बी.पी. उतरला. घेतलं आईला आत."

मी वर गेले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर लाल दिवा. भाऊ दाराकडे तोंड करून उभा होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. माझ्या हातात फोन बारीकसा थरथरला. बघितलं तर ते थोडंसं, पाठवलं होतं तेवढं, वॉलेटमध्ये आलेलं होतं.

"आलं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "सगळं टाक. माझं अर्धं पण त्यातच असू दे. तुझ्याकडंच."

बाकीचं पाठवलं. या वेळी एक्सचेंजनं लिहिलं, गर्दीमुळे विलंब होत आहे, आपली विनंती रांगेत आहे. आई बाहेर आली ती चाकाच्या खुर्चीवर, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. आम्ही तिघं एकदमच तिच्याकडे वाकलो आणि डोकी आपटली. आई हसली. रिक्षात बसलो तेव्हा दिवस मावळत होता. एक्सचेंज बंद झालं, आणि आमची विनंती रांगेतच होती.

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आईला घेऊन गेलो. आईनं समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, मग भावजयीकडे बघून म्हणाली, "तू किती वाळलीस गं!" भावजय हसली आणि हसता हसता रडायला लागली. दुपारी, जेवणाची ताटं वाढलेली असताना, रांगेत अडकलेलं आमचं उरलेलं बिटकॉइन वॉलेटमध्ये आलं. मी ते मोठ्यानं सांगितलं नाही. फोन भावजयीपुढे सरकवला. तिनं बघितलं आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

भावाचा आकडा त्या काळ्या पडद्यावर अजून वाढतच होता. त्यावर व्याज चढत होतं. ग्रुपमध्ये त्यानं लिहिलं की पैसे निघत नाहीत, तर त्याला लगेच काढून टाकण्यात आलं. मी म्हटलं, ते ॲप उडवून टाक. तो म्हणाला, "आधी पोलिसांना दाखवतो."

मी सोबत जाते म्हटलं. तो नको म्हणाला, मग म्हणाला, चल. ठाण्यात बराच वेळ बसायला लागलं. शेजारी सोयाबीनची गाडी चोरीला गेलेला एक माणूस होता, मोबाइल हरवलेल्या दोन मुली होत्या. पाळी आली. साहेबांनी विचारलं, ॲप कुणी सांगितलं, कुणी डाउनलोड केलं, पैसे कुणी पाठवले. मला वाटलं, तो ग्रुपचं नाव पुढे करील, किंवा कुणा मित्राचं. त्यानं घसा साफ केला.

"मीच केलं साहेब. मला समजलं न्हाई. लिहून घ्या."

तक्रार नोंदली गेली. त्यातून आजवर काही परत आलेलं नाही आणि येईल असं कुणी म्हणतही नाही. त्याच संध्याकाळी त्यानं मला बसस्थानकावर सोडलं. नांदेडची गाडी लागलेली होती. माझी पिशवी वर चढवून तो खिडकीखाली उभा राहिला आणि पहिल्यांदा मला विचारलं, "अक्का, तुला कशावरून समजलं?"

"समजलं नव्हतं रे," मी म्हणाले. "मी नुसती भ्याले होते."

त्यानं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, उद्या औषध दुकानदारांची बैठक आहे, त्यातले चार-पाच जण त्याच ग्रुपमध्ये आहेत, त्यांना सगळ्यांसमोर सांगावं लागेल. "हसतील," तो म्हणाला. गाडी सुरू झाली तेव्हा तो त्यातल्याच एकाला फोन लावत होता.